मागचा दिवा

तो जीपवाला मला एकदाच भेटला. नांदुऱ्याहून बुलढाण्याला जाताना त्यानं घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवून मागे जाऊन पाहिलं. सांज उतरत होती. मागचा दिवा जळाला होता आणि जवळ दुसरा बल्ब नव्हता.

"तुमच्या टॉर्चमधले बल्ब द्या," तो आम्हा प्रवाशांना म्हणाला. "एकट्याले गाडीची बॅटरी झेपत नाही, सगळे एका तारेवर जोडतो."

दातांनी तार सोलून त्यानं आमचे इवलेसे बल्ब एकापुढे एक जोडले. लावताच एक उडाला. तो पुन्हा उकिडवा बसला.

"समोरचे दिवे चालू हायेत ना? मंग चाल ना बे!" एक कापूसव्यापारी वैतागला.

"समोरचे आपल्यासाठी रायते, शेटजी. मांगचा मांगून येणाऱ्यासाठी." त्याचे हात थांबले नाहीत. "मांगच्या साली मीच मांगून येत होतो. बैलगाडीले कंदील नव्हता. गाडीवान गेला."

व्यापाऱ्यानं आपल्या टॉर्चमधला बल्ब काढून दिला. या वेळी लाल काच उजळली.

घाटात मागून एक ट्रक आला आणि अंतर राखून चढत राहिला. आरशात तो पाहिल्यावर जीपवाल्यानं पहिल्यांदाच पाठ टेकली.