हरलेल्या मॅचची डीव्हीडी

आमच्या घरात आपलीच पाठ थोपटून घेणं हा चोरीच्या खालोखालचा गुन्हा होता. परदेशातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी माझ्या टेनिसची चौकशी केली की बाबा म्हणायचे, "खेळते आपली थोडंफार." मी त्याच आठवड्यात शाळेला कप मिळवून दिलेला असायचा. आईचंही तेच, फक्त तिचं कारण वेगळं होतं: दृष्ट लागते.

आणि मला तर अमेरिकेतल्या एखाद्या कॉलेजच्या टेनिस संघात जायचं होतं. त्यासाठी तिथल्या कोचना स्वतःहून पत्रं लिहायची, मी कशी जोरदार खेळते ते सांगायचं, सोबत व्हिडिओ पाठवायचा. कोचला आवडलं तर प्रवेश आणि शिष्यवृत्ती दोन्ही. नाहीतर अमेरिका विसरायची, कारण तिथली फी बाबांच्या बँकेतल्या पगारात बसणारी नव्हती.

सेकंडरी थ्रीपासून, म्हणजे नववीपासून, ज्युनिअर कॉलेज संपेपर्यंत आम्ही तिघं या एकाच खुळात होतो. ऊन चढायच्या आत घराजवळच्या टॅम्पिनीसच्या कोर्टवर पोचायचं. मी खेळायची, बाबा हँडीकॅम धरून उभे राहायचे आणि आई गुळपापडीचा डबा मांडीवर घेऊन बसायची. टेनिसमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण माझा पॉइंट गेला की ती जाळीपलीकडून ओरडायची, "अगं, वाक ना जरा!" ढग दाटले की वीज पडण्याचा इशारा देणारा भोंगा वाजायचा आणि सगळे शेडमध्ये पळायचे. तिथे गुळपापडी खाताना बाबा कधी सांगायचे नाहीत, आज चांगली खेळलीस म्हणून. मी वाट बघायची. मग बॅकहँड कुठे चुकला ते सांगायचे.

शेवटच्या वर्षी मी पत्र लिहिलं. बाबांनी ते ऑडिटला आल्यासारखं तपासलं. 'उत्तम'चं 'बरी' झालं. व्हिडिओसाठी माझे निवडक फटके जोडून द्यायचंही त्यांनी कबूल केलं होतं. एका संध्याकाळी जेवताना ते समाधानानं म्हणाले, की ऑफिसातून येताना सगळी पाकिटं कुरिअरला देऊन आलो. डीव्हीडीत काय आहे, मी विचारलं. कळलं ते असं: एक अख्खी मॅच, न कापता. तीही मी हरलेली. शिवाय पत्राखाली एक ओळ त्यांनी स्वतः घातली होती, की बॅकहँड कच्चा आहे, प्रयत्न चालू आहेत.

मी ताटावरून उठले. रडून झाल्यावर दाराआडून ओरडले, "Who does like that? तुम्हाला मी जायलाच नकोय!"

"फटके कापून लावायचे म्हणजे फसवणूक," बाहेरून बाबा म्हणाले. एवढंच.

पुढे काही आठवडे मी त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. मेलबॉक्स रिकामा. ज्या मुलींना मी सहज हरवायची त्यांना उत्तरं येत होती, मला नाही. आईनं एकदा मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. माझं मन मात्र पार विटलं होतं. रॅकेट कपाटावर टाकली ती खाली काढली नाही.

मग एका सकाळी आम्ही पोहे खात असताना अमेरिकेतून फोन आला. तिकडे आदली संध्याकाळ होती. एक कोचबाई बोलत होत्या. म्हणाल्या, की ढिगानं व्हिडिओ येतात आणि त्यांत कुणाचा एक बॉल चुकत नाही. मुलगी हरायला लागल्यावर काय करते हे तुझ्याच डीव्हीडीत दिसलं. मग विचारलं, ती बाई सारखं काय ओरडते? मी अर्थ सांगितला. त्या हसल्या. म्हणाल्या, तिचं बरोबर आहे, तू वाकत नाहीस. मी ते आईला सांगितलं आणि आई पदराशिवायच पदर सावरल्यासारखी ताठ बसली.

मग त्यांना बाबांशी बोलायचं होतं. मी फोन स्पीकरवर ठेवला आणि जीव मुठीत धरून बसले. आता पुन्हा 'थोडंफार' होणार, याची मला खात्री होती. जिंकलेली मॅच नव्हती का, त्यांनी बाबांना विचारलं.

बाबांनी चमचा खाली ठेवला. "पुष्कळ आहेत," ते इंग्रजीत म्हणाले. "पण इतकी सुंदर ती त्या दिवसाखेरीज कधी खेळली नाही. दुसऱ्या सेटमध्ये ती जे खेळली, ते मी रोज रात्री लावून बघतो."

चार वर्षं ज्या वाक्याची मी वाट बघितली, ते समुद्रापलीकडच्या एका अनोळखी बाईला मिळालं होतं, आणि तरी मला इतका आनंद झाला की संघात घेतल्याचं पुढचं बोलणं मी नीट ऐकलंच नाही.

फोन ठेवल्यावर बाबा माझ्याकडे न बघता ताटाकडे वळले.

"चल, आवर. कोर्टवर ऊन येईल," ते म्हणाले. "बॅकहँड अजून कच्चा आहे."

मी कपाटावरून रॅकेट काढली.