पारा तेहतीसवरच होता

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आईला तर मुळीच नाही. आता सांगतेय तेही मन हलकं व्हावं म्हणून नाही. तेवढं आधीच समजून घ्या.

राजूरच्या शाळेत मी आणि सुनीता नववीत एका बाकावर. ती तांड्यावरून चालत यायची, मी खाणीच्या क्वार्टरमधून — वडील तिथल्या ऑफिसात बाबू. एकदा विज्ञानाच्या सरांनी स्टीलच्या ग्लासात पाणी घेतलं, भोवती कापूस गुंडाळला, मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब पाण्यात सोडून बॅटरीला जोडला. बल्ब किती उष्णता देतो, ते पाण्यात उभ्या केलेल्या थर्मामीटरवरून काढायचं. पारा कुठवर चढायला हवा, ते सरांनी आधीच फळ्यावर लिहिलेलं — पस्तीस. आम्हा दोघींतली जी बरोबर वाचेल ती यवतमाळच्या प्रदर्शनात हा प्रयोग मांडणार.

सुनीता वाकली. तेहतीस, म्हणाली. सरांच्या कपाळावर आठी. मग मी वाकले.

पारा तेहतीसवरच होता. स्वच्छ दिसत होता. मी म्हटलं, पस्तीस.

सर तिच्याकडे वळले. “तुले पारा वाचता येत नाही, पोरी.” ती पुन्हा वाकली, बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “हो सर, पस्तीसच असन.” स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्यावर तिचा विश्वास जास्त — काय म्हणावं याला?

लहान होतीस, असं म्हणणार तुम्ही? नका म्हणू. मला सगळं कळत होतं. मला यवतमाळला जायचं होतं, मी गेले. पुढे मी सायन्स घेतलं. तिनं नाही घेतलं — आपल्याले नाही जमत, म्हणायची. आज मी वणीत फिजिक्स शिकवते, चांगलं शिकवते. ते सोडू का आता? नाही सोडणार.

पण तेवढंच असतं तर मी गप्पच राहिले असते. गेल्या वर्षी सुनीता वणीच्या बाजारात भेटली, सोबत तिची लेक. लेकीला कौतुकानं सांगू लागली, “हे माही मैतरीन, कॉलेजात मॅडम आहे. मले तर साधा पारा बी वाचता येत नव्हता.” आणि मोकळेपणानं हसली.

लेकीनं माझ्याकडे बघितलं — खरंच का, असं. एक वाक्य पुरलं असतं. चाळिशी ओलांडलेली बाई मी, कोणाची भीती होती? मी हसले — आणि मान डोलावली.

सुनीताला आजही ठाऊक नाही. तुम्हाला आता आहे. काय म्हणायचं ते म्हणा.