इलायसची अकरा वर्षं

वसईचा इलायस परेरा मला बर्फावर चालायला शिकवणार, हेच मुळात हसण्यासारखं. बहारीनमधल्या हिद्दच्या कोल्ड स्टोरेजमध्ये उणे बावीस डिग्रीत कोंबड्यांचे खोके रचण्यात आम्हा दोघांचीही निम्मी हयात गेली. पण यंदा जुलैत स्वित्झर्लंडला शिकणाऱ्या माझ्या मुलीनं, अलिनानं, आम्हाला तिकडे बोलावलं आणि इलायसनं हट्टच धरला. तिथं डोंगरावर उन्हाळ्यातही बर्फ टिकतो म्हणे, तिथं स्कीइंग करायचं. वय सत्तावन्न, पोट सुटलेलं, पण हौस दांडगी. बाहेर सत्तेचाळीस डिग्री असताना हा ईसा टाउनच्या बाजारात लोकरीचे हातमोजे शोधत फिरला. दोन जोड मिळाले, दोन्ही माझ्यासाठी घेतले.

माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना टोकं नाहीत. अकरा वर्षांपूर्वी मी फ्रीझरमध्ये दोन तास अडकलो होतो. आत जाताना आपलं टोकन बाहेरच्या फळ्यावर लावायचं, आणि दार बंद करणाऱ्यानं आधी फळा बघायचा, असा आमचा नियम. त्या दिवशी दार इलायसनं बंद केलं होतं. टोकन लावलं होतं, असं मी चौकशीत सांगितलं. खरं म्हणजे घाईत ते माझ्या खिशातच राहिलं होतं. मला बाहेर काढल्यावरच्या गोंधळात मी डाव्या हातानं ते फळ्यावर अडकवलं. नियम मोडला म्हणून कंपनीनं मला परत पाठवलं असतं, आणि माझी बायको अकीला बारा वर्षांच्या अलिनाला घेऊन तीनच आठवड्यांपूर्वी बहारीनला आली होती.

इलायसचं सुपरवायझर व्हायचं राहून गेलं. मीच नीट बघितलं नसेल, एवढंच तो म्हणाला. तेव्हापासून माझ्या डब्याचं झाकण तो उघडतो, थंडीत सकाळी फोन करून बोटांची चौकशी करतो. त्याच्या मायेची मला भीती वाटायची. कितीदा ठरवलं, सांगून टाकू. पण ऐन वेळी दुसराच विषय काढायचो. आता पुढच्या महिन्यात तो कायमचा वसईला जायचा होता.

केबल कारनं वर पोहोचलो. शिकवणारी पोरगी जर्मनमध्ये ओरडत होती आणि इलायस प्रत्येक वाक्याला अरबीत ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे चला चला, म्हणून आपटत होता. तासाभरात मात्र त्याला जमायला लागलं. मी आपला त्याचा हात धरून. अकराच्या सुमारास ऊन तापलं, बर्फ भुसभुशीत झाला. शेवटची फेरी म्हणून आम्ही उताराच्या माथ्यावर गेलो. तिथं त्यानं माझा हातमोजा काढला आणि बोटांवर फुंकर घालत ती चोळायला लागला.

मला राहवलं नाही. म्हटलं, “इलायस, त्या दिवशी मी टोकन लावलंच नव्हतं. मी खोटं बोललो.”

त्याचे हात थांबले. मग त्यानं मला सगळं पुन्हा सांगायला लावलं, आणि मी सांगितलं.

“दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये मासला मी देवाकडे माफी मागतो, नजीब,” तो म्हणाला. “अकरा वर्षं. हे असं करतात काय रे?”

त्यानं माझा हात सोडला आणि एकटाच खाली गेला. मी तिथंच उभा. मला अजून स्की थांबवायला येत नव्हतं, त्यामुळे निघायचीही सोय नव्हती. खरं सांगतो, मी रडलो. मित्र गेला, असंच वाटलं.

बऱ्याच वेळानं तो दिसला. आडवी पावलं टाकत, धापा टाकत, तो लठ्ठ माणूस उतार चढून येत होता. जवळ आला तरी माझ्याकडे बघेना.

“मी रागावलोय,” तो म्हणाला. “वसईला गेलो तरी रागावलेलाच राहणार. आता माझ्या मागं उभा राहा, कंबर घट्ट धर. सावकाश उतरू.”