दिवे लावणाऱ्या बाईची चाल

काहींना चेहरे लक्षात राहतात, काहींना आवाज. त्याच्या लक्षात राहायची ती चाल. ऑफिसचं दार धुरकट काचेचं होतं, पलीकडून येणारं माणूस म्हणजे नुसता हलणारा डाग. पण तो मान वर न करता सांगायचा, हा कोड लिहिणारा लांब्या, हे साहेब, आणि ही पायात पाय घालत येणारी म्हणजे आवाज भरणारी. चुकला असं कुणाला आठवत नाही.

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत तो ॲनिमेटर होता. लोकांना वाटतं, ही मंडळी दिवसभर खेळत बसत असतील आणि वर पगार घेत असतील. त्याच्या मावशीच्या हिशेबी तर तो अजून बेकारच होता. खरं सांगायचं तर गेममधलं एक माणूस जन्माला घालायला अख्खी खोली लागते. एक जण चित्र काढतो, दुसरा त्या चित्राला मातीच्या बाहुलीसारखा आकार देतो, मग एक बाई आत हाडं बसवते, सांधे जुळवते. तिला सगळे हाडवैद्य म्हणायचे. हाडं बसली की ती बाहुली दोन्ही हात पसरून ताठ उभी राहायची, डोळे सताड उघडे आणि जीव कुठेच नाही. मग ती याच्या हवाली व्हायची आणि हा तिला चालायला शिकवायचा. म्हणून त्याचं नाव पडलं होतं पांगुळगाडा.

चालायला शिकवायचं तर आधी स्वतः चालून बघावं लागतं. कोपऱ्यात एक उंच आरसा होता. त्याच्यापुढे तो कधी राणी होऊन चालायचा, कधी भुकेलं अस्वल होऊन. पहिल्याच दिवशी हे दृश्य बघणारी नवी माणसं घरी जाऊन काय सांगत असतील, देव जाणे. आणि या धंद्यातली एक चोरवाट सगळ्यांनाच ठाऊक असते. चाल बनवायची म्हणजे फक्त एक पाऊल बनवायचं. दुसरं बनवायची गरजच नसते. पहिलं उलटवायचं, उजव्याचं डावं करायचं, दोन्ही जोडायची, की माणूस चालायला लागतो तो चालतच राहतो, वीज जाईपर्यंत.

नव्या गेममध्ये एक धुक्यात बुडालेलं गाव होतं. तिथे कधी पुरतं उजाडत नाही आणि पुरतं मावळतही नाही. घरांच्या कडा पाण्यात धरल्यासारख्या पातळ, रस्ते आपल्याच जागा विसरलेले. या गावात एक म्हातारी रस्त्यावरचे दिवे लावत फिरते. खेळणारा वाट चुकला की त्याने तिच्या मागे जायचं; ती कुणाशी बोलत नाही, वळूनही बघत नाही, पण तिच्या मागे गेलेला घरी पोचतो. साहेबांनी पांगुळगाड्याला बोलावून सांगितलं होतं की धुक्यात तिचा चेहरा दिसणार नाही, कपडे दिसणार नाहीत. लांबून नुसत्या चालीवरून ती ओळखू आली पाहिजे.

त्याला लगेच आई आठवली. लहानपणी बाजाराच्या गर्दीत हात सुटला तरी तो कधी रडला नव्हता. गुडघ्यांच्या आणि पिशव्यांच्या जंगलात त्याला तिची चाल दिसायची आणि तो तिच्या मागे लागायचा. तो खुशीत जागेवर येऊन बसला, पेन उचललं, आणि ते तसंच हवेत राहिलं. आई कशी चालायची, हे त्याला आठवेना.

अख्ख्या ऑफिसच्या चाली तोंडपाठ असलेल्या माणसाला आईची चाल आठवू नये, याचं त्याला स्वतःचंच नवल वाटलं, आणि लाजही. घरचे सगळे व्हिडिओ त्याने धुंडाळले. आई एक तर बसलेली, नाही तर तोंडावर हात धरून म्हणतेय, मला कशाला काढतोस. चालताना कुठेच नाही. आणि आता चालून दाखव म्हणायची सोयही नव्हती, कारण आई चालत नव्हती.

ती न्हाणीघरात घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलंही. पण आई पलंगावरून उतरायचं नावच काढेना. वॉकर आणला, तर त्यावर तिने टॉवेल वाळत घातले. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी परवा त्याला दाराबाहेर नेऊन स्पष्टच सांगितलं की हाडाचं काम झालंय, पण या महिन्यात त्या उठल्या नाहीत तर पाय आखडेल, मग उठावंसं वाटलं तरी उठता येणार नाही. बहीण शेजारच्याच गल्लीत राहायची, दिवसा येऊन बसायची. तिने गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. आई शांतपणे म्हणायची, आयुष्यभर चाललेच की, आता बसते. तिला भीती वाटत होती. ती ते कबूल करत नव्हती आणि तिच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

त्या दिवसांत त्याला एकच स्वप्न पडायचं. तो त्या धुक्याच्या गावात आहे. पुढे आई दिवे लावत चालली आहे आणि एकेक दिवा लागला की मागचं घर आठवल्यासारखं उभं राहतं. तो तिच्या पावलांकडे बघायला खाली वाकतो. बस, आता दिसेल. आणि तेवढ्यात तिच्या पायांवरून धुकं सरकतं, मऊ, गार, कुणी पांघरूण ओढून घ्यावं तसं. उठल्यावर त्याला धाप लागलेली असायची.

शेवटी आठवेल तसं त्याने बनवलं. एक गोष्ट पक्की ठाऊक होती. आईने उभं आयुष्य एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात काढलं होतं, ओल्या चादरींची टोपली कमरेवर घेऊन. टोपली नसली तरी तिचं अंग एका बाजूला कलायचं. तेवढ्या एका कलण्यावर त्याने पाऊल रचलं, उलटवलं, जोडलं. म्हातारी चालायला लागली. हाडवैद्यबाईंनी खुर्ची सरकवून बराच वेळ बघितलं आणि त्या म्हणाल्या, छान आहे, पण ही कुणाचीच आई वाटत नाही.

ते त्याला लागलं. त्या दुपारी रजा टाकून तो लॅपटॉप घेऊन घरी आला. बहीण आईचे केस विंचरत होती. त्याने लॅपटॉप आईच्या मांडीवर ठेवला. धुक्यातून म्हातारी येत होती, येतच होती.

"ही कोण?" आईने विचारलं.

"तू."

आईने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग तिला हसू आवरेना. "अरे, हे बदक आहे. दोन्हीकडे काय डुलतेय? माझ्या काय दोन्ही कमरांवर टोपल्या होत्या?"

त्याला शरमल्यासारखं झालं. हात सवयीने चोरवाटेला गेला होता. एकच पाऊल बनवून उलटवलं, तर उलटलेल्या पावलाबरोबर टोपलीही पलीकडच्या कमरेवर गेली. इतक्या वर्षांचा कारागीर, आणि चूक नवशिक्याची. कुठल्या बाजूला होती टोपली, त्याने विचारलं. डावीकडे, आई म्हणाली, उजवा हात दारं उघडायला मोकळा लागायचा.

मग तो हट्टाला पेटला. आईला उठवायचं वगैरे त्याच्या डोक्यातही नव्हतं. कामात शिरला की त्याला जगाचा विसर पडायचा. उशी डाव्या कमरेवर घेऊन तो खोलीत चालायला लागला. आई म्हणाली, तसं नाही, खांदा खाली. त्याने खांदा पाडला. आता गुडघा चुकतोय. गुडघा सुधारला तर मान बिघडली. बहीण हसून हसून पलंगाच्या कडेला टेकली. तो मात्र गंभीर, पुन्हा दारापासून सुरू, पुन्हा चूक.

"तुला नाही जमायचं," आई म्हणाली. "सरक."

आणि तिने पाय खाली सोडले. बहिणीचं हसू जागच्या जागी थांबलं. आईने वॉकरवरचे टॉवेल काढले, घडी घालून उशाशी ठेवले, दांड्या धरल्या आणि ती उभी राहिली. वॉकर पुढे, टक्. डावं पाऊल लहान, जमीन आहे ना हे विचारल्यासारखं. मग उजवं, फरफटत, त्याच्याजवळ. मग थांबणं. खिडकीतून दुपारचं पिवळं ऊन आत येऊन जमिनीवर पडलं होतं, आणि ती त्यात शिरली तेव्हा सगळी खोलीच पाण्यावर तरंगतेय असं त्याला वाटलं. तो फक्त पावलांकडे बघत होता. या वेळी त्यांच्यावरून धुकं सरकलं नाही.

खिडकीशी पोचून ती वळली. तिला धाप लागली होती आणि चेहरा लाल झाला होता.

"बघितलंस? अशी चालायचे मी."

ती तशी चालत नसे. एवढं त्याला त्या क्षणी कळलं. ही चाल नवी होती, भीतीतून आणि धातूच्या दांड्यांतून नुकतीच जन्मलेली. तो कल, ती टोपली, बाजारात ज्याच्या मागे तो धावला होता ते सगळं आता कुठेच नव्हतं, तिच्या अंगातही नाही. त्याचे डोळे भरून आले.

"हो," तो म्हणाला. "अशीच."

मग त्याने म्हातारी पुन्हा बनवली. डावं पाऊल वेगळं, उजवं वेगळं, एकही उलटवलेलं नाही. काम दुप्पट झालं, साहेब कुरकुरले. गेम तपासणाऱ्या मुलीने तक्रार नोंदवली की ही बाई मध्येच थांबते, मागे चालणाऱ्याला तिच्यासाठी उभं राहावं लागतं. हाडवैद्यबाईंनी ती चाल एकदाच बघितली आणि सांगितलं, याला कुणी हात लावू नका. साहेबांनीही मग लावला नाही.

तयार झालेला गेम त्याने घरी दाखवला तेव्हा आई स्वयंपाकघरातून स्वतः चालत आली, वॉकर बाजूला उभा केला आणि खुर्चीत बसली. धुक्यात एक दिवा लागला. म्हातारी थांबली, पाऊल टाकलं, दुसरं जवळ ओढलं, पुन्हा थांबली. मागचं घर हळूहळू दिसू लागलं.

"आता बरोबर," आई बहिणीला म्हणाली. "मी पहिल्यापासून अशीच चालते. याला उगाच वाटत होतं मी डुलते म्हणून."

बहिणीने त्याच्याकडे बघितलं. तिलाही आठवत होतं की नाही, कळलं नाही. उठून त्याने वॉकर आईच्या हाताशी आणून ठेवला, आणि ती निघाली तेव्हा तिच्या मागून, ती थांबली की थांबत, खोलीपर्यंत गेला.