समोरच्याचा सिनेमा

"झालं का दिसलं?"

आमच्या समोरच्या शेजाऱ्याला तुम्ही काहीही सांगा, तो आधी हे विचारायचा. चौकातला ट्रान्सफॉर्मर फुटला म्हणा, पुतण्याचं लग्न मोडलं म्हणा, तो मान तिरपी करायचा, स्वतःच्या उजव्या कानाची पाळी ओढायचा आणि विचारायचा, "झालं का दिसलं?" म्हणजे खरंच घडलं, की झोपेत पाहिलंत? माझा मेहुणा स्कूटरवरून पडला ते मी सांगत होतो, तेव्हाही त्याने पाळी ओढली. मी म्हणालो, "भाऊ, प्लास्टर आहे त्याच्या पायाले." तो शांतपणे म्हणाला, "प्लास्टर तर सपनातही राहते गा."

अशा माणसाला तुम्ही काय म्हणाल? मी मनातल्या मनात बरंच काही म्हणायचो. तोंडावर 'भाऊ' म्हणायचो, कारण नागपूरच्या प्रतापनगरात आमची घरं समोरासमोर. त्याच्याकडची वीज गेली की आमच्याकडचीही जाते. अशा नात्यात उघड वैर घेऊन चालत नाही.

पूर्वी तो शाळेत चित्रकला शिकवायचा. ती बरी नोकरी मुदतीआधी सोडून तो घराच्या वरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर जाऊन बसला आणि सिनेमा काढू लागला. कार्टूनचा. "कार्टून नाही, ॲनिमेशन," असं तो दर वेळी दुरुस्त करायचा, आणि मी दर वेळी मुद्दाम कार्टून म्हणायचो. एवढा आनंद मला त्याच्याकडून हक्काने मिळत असे.

गोष्ट काय, तर पुढच्या काळातलं नागपूर. घरोघरी एक यंत्र आलंय. रात्री पडलेलं स्वप्न सकाळी भिंतीवर दिसतं. मग ती स्वप्नं भिंतीवरून गळायला लागतात, रस्त्यावर येतात, आणि कोणतं काय हे कोणालाच कळेनासं होतं. नायक घरी येतो, तर दाराला कुलूप. बायको कुलूप लावून कुठेशी गेलेली. तो चावीने उघडतो, तर आत दुसऱ्याच कोणाचं स्वप्न. बाहेर येतो, पुन्हा कुलूप, पुन्हा उघडतो, आत तिसऱ्याचं. एका माणसाला दोन तास स्वतःच्या घरात शिरता येत नाही, एवढाच सिनेमा. मी म्हणालो, "भाऊ, मी चावी विसरलो की माझंही हेच होते. त्याले कोणी सायन्स फिक्शन म्हणत नाही." तो म्हणाला, "तुमचं बाहेरून होते. त्याचं आतून होऊन राहिलं."

त्याचा एक नियम होता, आणि त्याचा त्याला भारी अभिमान. न पाहिलेलं काढायचं नाही. "मी जे डोळ्यांनी पाह्यलं नाही, ते काढत नाही." मग यंत्रमानव कुठे पाहिला, असं मी विचारलं. "पासबुक भरायच्या खिडकीवर," तो म्हणाला. त्याच्या उडत्या मोटारी आपल्या चौकातल्या ऑटोसारख्या एका बाजूला कलून उडायच्या. पाहण्यासाठी तो लोकांच्या मागे चालायचा. भाजी घेणाऱ्या बाईच्या मागे दोन हात अंतरावर उभा राहून तिच्यासारखी मेथीची जुडी झटकून बघायचा. एकदा मार खाता खाता वाचला. वाचवला मी, आणि त्याचं मला बरेच दिवस वाईट वाटत होतं.

माझ्याबद्दलही चार शब्द सांगायला हवेत. वडील उमरेडचे विणकर. मी शिकलो, म्हणजे विमानतळाजवळच्या मिहानमधल्या एका गोदामात बसून कोणतं खोकं कुठे गेलं ते लिहितो. कलेचा माझा संबंध एवढाच, की मुलं लहान असताना त्यांना झोपवायला मी गोष्टी सांगायचो आणि त्यांच्याआधी मीच झोपायचो. तरी कलेवर मत द्यायला आपल्याकडे वेगळी पात्रता लागत नाही, हे तुम्ही जाणताच.

तर हा सिनेमा काही संपेना. त्याचा मुलगा पुण्याला. त्याला मुलगी झाली, ती रांगायला लागली, चालायला लागली, आणि तिची आजी, म्हणजे आमच्या वहिनी, ते सगळं फोनवर पाहत राहिल्या. एका सकाळी मी आणि आमची ही त्यांच्याकडे गेलो असताना वहिनींनी आमच्या देखत अट मांडली.

"लोकाईले दाखवा आता. कॉलनीतले लोक म्हणतीन पुढे करा, त करा. नाही म्हणतीन, त तो कॉम्प्युटर बांधायचा अन् पुण्याले जायचं. मले नात पाहाची आहे, भिंतीवरची नाही, खरीखुरी."

तो पाळी ओढत राहिला. एवढ्या वर्षांचं काम आता आमच्यासारख्यांच्या जिभेवर टांगलं होतं. मला मनापासून बरं वाटलं. 'बंद करा' हे दोन शब्द मी तिथेच तयार करून ठेवले.

दाखवायचा दिवस निवडला तोही त्यानेच. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, सुरू होता. ज्या दिवसांत नागपूरचं कुत्रंसुद्धा दुपारी मत देत नाही, त्या दिवसांत भर दुपारी. कॉलनीच्या सभागृहात संध्याकाळी कोणाचं तरी स्वागत-समारंभाचं जेवण होतं, म्हणून दुपार मोकळी मिळाली. खिडक्यांना चादरी लावून अंधार केला. वाळ्याच्या ताट्यांचे दोन मोठे कूलर आणले. आणि सिनेमाआधी वहिनींनी सगळ्यांना जेवू घातलं. वडाभात, वर फोडणीचं तेल, मठ्ठा, आणि शेवटी आंब्याचा रस. आग्रह करकरून रस.

"ताईनं मुद्दाम रस ठेवला," आमची ही माझ्या कानात म्हणाली. वहिनींना ती ताई म्हणते. "काहून?" मी विचारलं. "खा गपचूप," ती म्हणाली. "तुम्हाले नाही समजणार."

दिवे मालवले. पडद्यावर ढगांतून एक ऑटो कलत कलत आला. वाळ्याचा ओला वास आला. यापुढचं मी जबाबदारीने सांगू शकत नाही.

मला आठवतं ते असं. माझे वडील मागावर बसले होते. आमच्या जुन्या घरातला खड्ड्याचा माग, ज्यात विणकर पाय खाली सोडून बसतो. धोटा इकडून तिकडे जात होता, पण मागावर सूतच नव्हतं. तरी खालून कापड येत होतं. वडिलांनी वर न बघता सांगितलं, "पाय खाली सोड गा, इथं थंड आहे." मी सोडले. खरंच थंड होतं.

टाळ्या वाजल्या तेव्हा मीही वाजवल्या. दिवे लागले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो पडद्याजवळ आमच्याकडे तोंड करून बसलेला होता. त्याने सिनेमा पाहिला नव्हता. आम्हाला पाहिलं होतं. पूर्ण वेळ.

मग मतं सुरू झाली. कॉलनीचे सचिव उभे राहिले. दुसऱ्याच्या तेराव्यालाही जे दहा मिनिटं बोलतात असे ते गृहस्थ. "विशेषतः तलावाचं पाणी घरात शिरते, तो भाग अंगावर येते," ते म्हणाले. सिनेमात तलाव नव्हता. कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या, "मले त त्या हत्तीचं काम लई आवडलं. किती शहाणा होता बिचारा!" हत्तीही नव्हता. एकेक जण उठत गेला आणि न पाहिलेल्या सिनेमाची तारीफ करत गेला. सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच, "पुढे करा भाऊ, थांबू नका." घोरणाऱ्या माणसाइतका उदार समीक्षक जगात दुसरा नाही.

माझी पाळी आली. 'बंद करा' तोंडात तयार होतं. पण बाहेर पडलं ते भलतंच. मी म्हणालो, "तो म्हातारा विणकर... मागावर सूत नाही, तरी कापड येते. तो सीन मले आवडला, भाऊ." आणि बसलो. आमच्या हिने माझ्याकडे असं पाहिलं की मला लगेच समजलं, म्हातारा नव्हताच.

तो प्रत्येकाचं ऐकत होता. हत्तीचं ऐकलं, तलावाचं ऐकलं, माझ्या वडिलांचं ऐकलं. त्या दिवशी त्याने कोणालाच 'झालं का दिसलं' विचारलं नाही.

"यांचं धरू नका," मागून आवाज आला. वहिनी रसाचं पातेलं कडेला घेऊन उभ्या होत्या. "हे सारे घोरून राहिले होते. यांचं मत मत नाही."

सचिवांनी रुमालाने तोंड पुसलं.

"मी पाह्यला," वहिनी म्हणाल्या. "पुरता. उभ्यानं पाह्यला."

तो उठून उभा राहिला. मी त्याला मुलाखतीला आलेल्या उमेदवारासारखा उभा राहिलेला तेवढा एकदाच पाहिला.

"ते बाई कुलूप लावते, अन् तशीच चालाले लागते. असं कुठं असते? कुलूप लावलं की दोन डाव ओढून पाहा लागते. एक डाव दरवाजासाठी, एक डाव मनासाठी. मी तेच करत आली इतके साल."

त्याचा हात पाळीकडे गेला आणि तिथेच राहिला. "मी सारं पाहून काढलं," तो म्हणाला. "तुहं चालणं, तुहा पदर, चावी कमरेले खोचणं. हे काहून नाही दिसलं मले?"

"कसं दिसन? भिताडाकडे तोंड करून बसत होते तुम्ही."

कोणीतरी हसलं. बहुतेक मीच. वहिनींनी पातेलं खाली ठेवलं, हात पुसले. आमची ही पुढे झाली आणि त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. मला वाटलं, संपलं. पुण्याला दोन तिकिटं आणि कॉम्प्युटरला दोरी.

"ते नीट करा," वहिनी म्हणाल्या. "मंग जाऊ."

त्या एका कुलपाच्या ओढण्याला त्याला पावसाळा आणि पुढचा हिवाळा लागला. असली माणसं बढती देण्याच्या लायकीची नसतात, हे माझं मत मी तेव्हाही बदललं नाही. संध्याकाळी मी गोदामातून आलो की तो गच्चीत कुलूप हातात घेऊन ओढताना दिसायचा. वहिनी वाटीत शेंगा सोलत शेजारी बसलेल्या. "असं नाही. दुसऱ्या डावाले हळू," त्या सांगायच्या.

त्याच दिवसांतली गोष्ट. मी फाटक उघडत होतो, तो रस्ता ओलांडून आला.

"तुमच्या बाबाच्या मागाचा आवाज कसा होता?"

मी चिडलो. त्या दुपारचा विषय मला नको होता. "कोणता माग? तुमच्या सिनेमात नव्हता ना?"

"माह्यात नव्हता. तुमच्यात होता. मी तुमचं तोंड पाहून राहिलो होतो. तुम्ही पाय हलवले, दोन्ही. मंग हसले." तो पाळी ओढायला लागला. "माग मी पाह्यला नाही. त काढणार नाही. पण आवाज कसा होता?"

त्याला कसंतरी घालवायचं म्हणून मी फाटकालाच हात घातला. आमचं फाटक गंजलेलं. कडी आपटली, बिजागर ओरडलं, पुन्हा कडी आपटली. खट्, सर्र, खट्. "असा! झालं समाधान?"

"अजून एक डाव," तो म्हणाला. हातात फोन होता.

मी पुन्हा केलं. आतून आमची ही ओरडली, "काहून फाटक तोडून राहिले वो?" मी तिसऱ्यांदा केलं. का केलं ते विचारू नका. हात थांबला नाही एवढं खरं.

थंडी सरता सरता ते दोघे पुण्याला गेले. निघताना वहिनींनी कुलूप लावलं, एकदा ओढलं, दुसऱ्यांदा हळू ओढलं. तो पिशव्या खाली ठेवून मान तिरपी करून पाहत होता. बरोबर जमलं असावं, कारण मान हलवून त्याने पिशव्या उचलल्या. मला म्हणाला, "येतो गा." मी म्हणालो, "या." पंधरा पावलांवरच्या माणसाला निरोप कसा देतात ते मला ठाऊक नव्हतं.

सिनेमा फोनवर आला तेव्हा पुन्हा उन्हाळा लागला होता. या वेळी मी कूलर बंद केला, जेवण नावाला केलं, आणि घामाघूम होऊन पूर्ण पाहिला. प्रामाणिकपणे सांगतो, मला फारसा कळला नाही. ऑटो कलत होते. कुलूप दोनदा ओढलं गेलं, दुसऱ्यांदा हळू, आणि तेवढा भाग मी मागे नेऊन पुन्हा पाहिला.

शेवट मात्र नवा होता. नायक एका दारातून आत जातो तर ते आमचं सभागृह. कूलर, चादरी लावलेल्या खिडक्या, खुर्च्यांवर झोपलेली माणसं. पुढच्या रांगेत एक जाडा, तोंड उघडं, शर्टावर रसाचा डाग. एवढी बदनामी माझी कोणी केली नव्हती. नायक त्या जाड्याजवळ जातो, वाकतो. त्याच्या मिटलेल्या पापण्या मोठ्या मोठ्या होत जातात आणि सगळा पडदा काळा होतो. मी वाट पाहत राहिलो. माझे वडील त्याने काढले नाहीत. नियम म्हणजे नियम.

काळोखात फक्त आवाज आला. खट्, सर्र, खट्.

स्वयंपाकघरातून आमची ही म्हणाली, "अहो, फाटक वाजून राहिलं. पाहा ना कोण आलं त."

मला सगळं ठाऊक होतं. तरी फोन ठेवून मी उठलो. अनवाणी अंगणात गेलो, फरशी पोळत होती. फाटक बंद होतं. रस्त्यावर कोणी नव्हतं. समोरच्या दारावर वहिनींचं कुलूप उन्हात लटकत होतं.

"कोण होतं?" आतून प्रश्न आला.

"कोण राहीन?" मी म्हणालो. "समोरचा."