सुभेदारांच्या सायकलवरचे बावीस किलोमीटर

संपत गेल्याचं कळलं तेव्हा मी दुकानात एका पाणबुडी मोटारीत कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो. फोन त्याच्या बायकोचा, शालनवहिनींचा होता. त्या रडत नव्हत्या. "भावजी, दुकान बंद करून या," एवढंच म्हणाल्या. आणि जो माणूस दुसऱ्याच्या वरातीतसुद्धा बोलायचा थांबत नाही, तो मी नुसतं "बरं" म्हणालो आणि शटर ओढलं. आज सव्वा महिना होऊन गेला. लोक म्हणतात, दिलावर, तू एवढा बोलतोस, सुभेदारांवर काहीतरी लिही. लिहितो. पण आधीच सांगतो, यात शेवटी काही बरं होत नाही.

आम्ही दोघं शाळेत एका बाकावरचे. तो फौजेत गेला, मी पंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरायला शिकलो. सुभेदार होऊन तो परत आला तो सहा फूट उंच, ताठ, मिशी जागच्या जागी. गुडघा तेवढा कुठंतरी बर्फात ठेवून आला होता. डॉक्टरांनी पळायला मनाई केली, म्हणून पुण्यातल्या मुलीनं त्याला डोंगरात चालवायची इलेक्ट्रिक सायकल आणून दिली. ती टेम्पोतून उतरली तेव्हा निम्मी आळी जमली होती. जाड टायर, पुढं शॉकअप, पायडलपाशी मोटार, दांड्याच्या पोटात बॅटरी. एका म्हाताऱ्यानं तिच्याभोवती फेरी मारली आणि विचारलं, "पायडल मारायचंच हाय तर मोटार कशाला? आन् मोटार हाय तर पायडल कशाला?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी ओट्यावर चढलो. "मंडळी, ही आळशी माणसाची गाडी न्हाई! तुमी पाय माराल तरच ती हात देणार. संसारासारखं!" दारातून वहिनी म्हणाल्या, "मग आमच्या संसारात मोटार कुठं हाय ते बघा जरा." त्या दिवशी संपत इतका हसला की त्याची मिशी पहिल्यांदाच वाकडी झालेली मी पाहिली.

मोटारीनं किती हात द्यायचा याच्या चार पायऱ्या होत्या. संपत पहिलीवरच असायचा. "बाकीच्या तीन रिक्रुटांसाठी," म्हणायचा. रोज सकाळी घाटाची वळणं चढून पठारावरच्या पवनचक्कीला हात लावायचा आणि उतरून माझ्या दुकानात चहाला यायचा. रविवारी सायकलीची परेड. जुन्या बनियननं साखळी पुसायची, तेलाचा एकेक थेंब, टायरात हवा, ब्रेकची चकती घासते का ते कान लावून ऐकायचं. पाण्याचा फवारा वर्ज्य, ओलं फडकं फक्त. बॅटरी काढून घरात सावलीला. बंदूक सांभाळणारे हात होते ते, साबणाचा डबासुद्धा ते काटकोनात ठेवायचे. मी अधिकृत मेकॅनिक. म्हणजे तो काम करायचा आणि मी स्टुलावर बसून सूचना द्यायचो.

दिवाळीच्या आसपास तो चहाला आला आणि म्हणाला, "दिल्या, बॅटरी लवकर उतरायलीया रं." बॅटरीच्या खुणेत पाच काड्या. पठारावरून आल्यावर तीन उरायच्या, त्या दोनवर आल्या होत्या. संक्रांतीला एक उरली. माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. मी ब्रेक सोडवून पाहिले, चाकाच्या बेअरिंगा पाहिल्या, साखळी बदलली, बॅटरीला मीटर लावला. सगळं ठणठणीत. "कितव्या पायरीवर चढवतोस?" मी विचारलं. "पहिल्या," तो म्हणाला. फौजी माणूस, मी विश्वास ठेवला. शेवटी एका सकाळी सीट खाली घेऊन मीच सायकल घाटावर चढवली, पहिल्या पायरीवर. माझं वजन त्याच्यापेक्षा पंधरा किलो जास्त, जन्मात व्यायाम नाही. पवनचक्कीला हात लावून, दोनदा देवाघरचं दार बघून मी खाली आलो. काड्या तीन शिल्लक! म्हणजे संपत पहिल्या पायरीवर चढवतच नव्हता.

आता शहाणा माणूस काय करतो? मित्राला बाजूला घेतो. मी काय केलं? चहाच्या टपरीवर संपतसकट आठ-दहा माणसं होती, प्रेक्षक बघितला की माझ्या अंगात येतं. मी सायकलीच्या हँडलला रुमालाचा हार घातला आणि डॉक्टरसारखा चष्मा नाकावर ओढून निकाल दिला, "तपासणी पूर्ण! सायकल फिट, सुभेदार अनफिट! मोटार भरून मिळंल, पर माणसाची वाइंडिंग आपल्याकडं होत न्हाई!" टपरी हसून लोळली. सगळ्यात मोठ्यानं हसला तो संपत. मला टाळी दिली. "लय नालायक हायस," म्हणाला... आणि त्या दिवसापासून त्यानं बॅटरीचं नाव काढलं नाही. मी समजलो, तक्रार मिटली.

शिमग्यानंतर कडेगावच्या एका गिऱ्हाइकाची मोटार पोचवून मी घाटानं परत येत होतो. दुसऱ्या वळणाला करंजाच्या सावलीत संपत बसलेला. सायकल उलटी करून ठेवलेली. चेहरा राखेसारखा, शर्ट ओला. मी स्कूटर थांबवली.

"काय झालं?"

"चेन उतरली."

साखळी दात्यांवर बसलेली होती, मला दिसत होती. तो माझ्याकडं बघत होता आणि मी साखळीकडं. तो इथंच थांबतो, वर जातच नाही, हे मला त्या क्षणी कळलं. किती दिवस, ते कळलं नाही. विचारायला दोन शब्द पुरले असते. पण ते म्हणजे सहा फुटी सुभेदाराला रस्त्यात बसवून नाडी बघणं, आणि मागची थट्टा अजून माझ्या जिभेवर होती. मी डिकीतून तेलाची बाटली काढली, खाली बसलो, आणि चांगल्या साखळीला पाच मिनिटं तेल घातलं. "झालं बघ," मी म्हणालो. "तुझा हात लागला की चालती," तो म्हणाला. माझी सगळी नाटकं प्रेक्षकांसाठी होती. हे एकच आम्ही दोघांनी एकमेकांसाठी केलं, आणि त्याइतकं वाईट नाटक मी कधी केलं नाही.

पंधरा दिवसांनी तो अंघोळीला जाताना पडला. कराडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दम कधीपासून लागतो?" संपत म्हणाला, "आठ दिवस." मी त्याच्या पायाशी उभा होतो. दिवाळी, संक्रांत, शिमगा... सगळ्या काड्या मला पाठ होत्या. मी बाईंच्या मागोमाग बाहेर गेलो आणि सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या, मान हलवत होत्या. हृदय फार थकलंय, म्हणाल्या. तेव्हाच आणलं असतं तर, असं मी विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. नऊ दिवसांनी वहिनींचा फोन आला.

मागच्या आठवड्यात सायकल विकत घ्यायची म्हणून बघायला सांगलीहून एक प्राध्यापक आले होते. वहिनींना ती अंगणात बघवत नव्हती, म्हणून मीच ओळखीनं बोलावलं होतं. बॅटरी पूर्ण भरून ठेवली. प्राध्यापकांनी हँडलवरचा पडदा चालू केला. पाचही काड्या, आणि खाली आकडा: बावीस किलोमीटर. "पूर्ण भरल्यावर फक्त बावीस? नवी असताना साठ दाखवते. बॅटरी गेली हो," म्हणाले, चहा घेऊन निघून गेले. मी कप गोळा केले.

"बॅटरी खरंच गेलीया का?" वहिनींनी विचारलं.

"न्हाई वहिनी. सायकल नुसती बॅटरी मोजत न्हाई, चालवणारा मोजती. शेवटी ज्यानं चालवली त्याच्या पायात किती जोर हुता, मोटारीला किती ओढावं लागलं, त्यावरनं अंदाज करती. मी दोनदा घाट चढवून आणली की साठ दाखवंल."

"मग आणा की."

मी सायकल फाटकापर्यंत नेली. सीट उंच होती, खाली घ्यायला वाकलो. मागून वहिनी आल्या.

"म्हंजी ह्यो आकडा त्यांचा हाय?"

"व्हय."

"तुमी चालवल्यावर जाईल?"

"जाईल."

त्या पडद्यावर वाकल्या. मग पदरानं त्यावरची धूळ पुसली. "ऱ्हाऊ द्या भावजी," म्हणाल्या.

सायकल आता माजघरात आहे. विकायची नाही असं ठरलंय. बॅटरी रिकामी पडू द्यायची नसते, म्हणून मी ती भरत राहणार आहे. परवा भरून झाल्यावर वहिनींनी पडदा चालू केला, वाकून वाचलं. "बावीसच हाय," म्हणाल्या, घरात कुणीतरी झोपलेलं असावं तशा आवाजात. मी म्हणालो, "बावीसच." बॅटरी नुसती ठेवूनही झिजते, वर्षा-दोन वर्षांत तो आकडा आपोआप उतरायला लागेल, हे मला ठाऊक आहे. पुन्हा एकदा मला ठाऊक आहे, आणि पुन्हा मी सांगितलेलं नाही.