पानशांनी न चोरलेली वीज

कोथरूडच्या आमच्या स्वयंपाकघरातलं सॉकेट एका रविवारी सकाळी दहा वाजता मेलं, आणि खुनी कोण हे मला दहा वाजून एक मिनिटानं कळलं. वरच्या मजल्यावरचे पानसे.

वेळ वाईट होती. माझी बायको सुमन घरी केक करून विकते. ओव्हनमध्ये तेव्हा पानशांच्याच नातीच्या पहिल्या वाढदिवसाचा केक होता, अर्धा फुगलेला. संध्याकाळी पाचला तो द्यायचा होता. मी त्याच सॉकेटला एक्स्टेंशन बोर्ड लावून ओव्हनच्या जोडीला इस्त्री आणि पाणी तापवायचा रॉडही जोडला होता. (बोर्डाला जागा तीन, वस्तू तीन. यात माझं काय चुकलं?) टप्प असा आवाज झाला, रबर जळल्यासारखा वास आला आणि ओव्हनमधला दिवा गेला.

"अहो, काय केलंत?" सुमननं विचारलं. 'काय झालं' असं विचारलं नाही, हे लक्षात घ्या.

मी टेस्टर लावला. पेटला नाही. टेस्टरच खराब असेल म्हणून हॉलमधल्या सॉकेटला लावला, तिथे पेटला. मग मीटरजवळचा स्वयंपाकघराचा फ्यूज काढून पाहिला. तार शाबूत. म्हणजे दोष आपल्या घरात नाही, वीज वाटेतच कोणीतरी पळवतंय! पानशांनी दिवाळीत एसी बसवला होता आणि त्याची नळी नेमकी आमच्या खिडकीवरून गेली होती.

"ज्यांचा केक आहे, तेच वीज कशाला चोरतील?" सुमन म्हणाली.

"म्हणूनच. कोणाला संशय येणार नाही."

ती नुसती बघत राहिली. लग्नाला बावीस वर्षं झाली की बायकोला एवढ्यावर बरंच काही बोलता येतं.

मी वर गेलो. पानसे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. फुगे फुगवत बसले होते. मी आडून सुरुवात केली.

"एसी जोरात चालू आहे वाटतं?"

"डिसेंबर आहे."

"नाही, वायर कुठून ओढलीत?"

त्यांच्या हातातला फुगा सुटला आणि भुर्रकन कपाटामागे गेला. "आपण सरळ विचारा," ते म्हणाले.

मी सरळ विचारलं. त्यांनी चष्मा लावला आणि मला पुढे घालून खाली आले.

आधी त्यांनी बोर्डाकडे पाहिलं. "हा रॉड?"

"आंघोळीच्या पाण्यासाठी."

"इस्त्री?"

"संध्याकाळी तुमच्याकडे घालायच्या सदऱ्यासाठी."

"म्हणजे थोडा दोष माझाही आहे." मग त्यांनी फ्यूज हातात घेतला. "ही फ्यूजची तार नाही. हिच्यावर चादरी वाळत घाला. कोणी बसवली?"

"यांनीच," सुमन म्हणाली. "फ्यूज सारखा उडतो म्हणून."

"उडायलाच असतो तो," पानसे वर्गातल्या आवाजात म्हणाले. "लोड वाढला की तारेनं जळायचं. तुम्ही तिला जळू दिलं नाहीत, म्हणून सॉकेट जळलं. घर राहिलं, हे नशीब."

मेन स्विच बंद करून त्यांनी सॉकेट उघडलं. आतून कोळसा झालेला. माझे कान तापले होते. माफी मागायला तोंड उघडलं, तर सुमन म्हणाली, "आधी मैदा उचला."

बसलेला केक टाकून तिनं नवा केक पानशांच्या सुनेच्या ओव्हनमध्ये केला. (हौसेनं घेतलेला, तोपर्यंत एकदाही न वापरलेला.) मी जिन्यावरून भांडी वाहिली.

संध्याकाळी मी बिनइस्त्रीच्या सदऱ्यात भिंतीला टेकून उभा होतो. मेणबत्ती लावली आणि कोणीतरी म्हणालं, "दिवे बंद करा." बटणं माझ्या खांद्याशीच होती. मी हात वर केला.

"तुम्ही राहू द्या," पानसे आणि सुमन एकदमच म्हणाले.

मी हात खाली घेतला. दिवे एक वर्षाच्या नातीनं बंद केले, आजोबांच्या कडेवरून.